ओनो आणि ओऽनो

रोज सकाळी वर्गात तुमची हजेरी होते. शिक्षक एकेक नाव घेतात आणि तुम्ही 'हजर' म्हणता. ही गोष्ट इतकी सवयीची आहे, की तिच्याकडे तुमचे लक्षही जात नाही. पण समजा, एक दिवस नवे शिक्षक आले आणि त्यांनी तुमचे नाव भलतेच उच्चारले, तर काय होते? सारा वर्ग हसतो. तुम्हीही हसता. पण आत कुठेतरी बोचते.

माझे नाव झकिया. उर्दूत हे नाव 'झे' या अक्षराने सुरू होते. मी बी.एड.ला असताना एक प्राध्यापक मला 'जाकिया' म्हणत. हाक मलाच असे; पण उत्तर देताना वाटे, की आपण दुसऱ्याच कुणाची तरी हजेरी लावत आहोत. दुसऱ्या एका बाईंनी मात्र पहिल्याच दिवशी विचारले, "तुझ्या घरी तुझे नाव कसे घेतात ग?" मी सांगितले. त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिले आणि हजेरीपत्रकावर पेन्सिलीने एक छोटी खूण केली. त्या वर्षात बाईंचा एकही तास मी चुकवला नाही.

नाव नीट घेणे म्हणजे काय, हे सांगण्यासाठी आज मी जरा दूरचे उदाहरण घेणार आहे. ते आहे जपानी नावांचे. जगातील बहुतेक लोक जपानी नावे इंग्रजी अक्षरांतून वाचतात. इंग्रजी बोलणारी माणसे ती नावे घेताना हमखास अडखळतात. ती का अडखळतात आणि त्यातून वाट कशी काढतात, हे मला माझ्या धाकट्या भावामुळे कळले.

आम्ही भिवंडीचे. यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलो. भाऊ पुढे अभियंता झाला आणि तीन वर्षे जपानमधील नागोया शहराजवळच्या एका कारखान्यात होता. दर रविवारी त्याचा फोन येई. "आपा, आज काय झाले ऐक," अशी सुरुवात करून तो तिकडच्या हकिकती सांगे. त्याच्या विभागात एक अमेरिकन अभियंता होते. स्वभावाने फार चांगले. पण जपानी नावे घ्यायची वेळ आली, की त्यांना घाम फुटे.

यात त्यांचा दोष थोडा आणि इंग्रजी वाचनाच्या सवयीचा जास्त होता. जपानी भाषेची लिपी वेगळी आहे. १८५९ साली जेम्स कर्टिस हेपबर्न नावाचे अमेरिकन डॉक्टर आणि मिशनरी जपानला गेले. त्यांनी जपानी-इंग्रजी शब्दकोश तयार केला. तो १८६७ साली प्रसिद्ध झाला. जपानी शब्द रोमन अक्षरांत लिहिण्याची जी पद्धत त्याच्या १८८६ सालच्या तिसऱ्या आवृत्तीत वापरली, तीच थोड्याफार फरकाने आज जगभर चालते. तिचे सूत्र सोपे आहे: व्यंजने इंग्रजीसारखी वाचावी, स्वर इटालियन भाषेसारखे. जपानीत मूळ स्वर पाचच आहेत: आ, इ, उ, ए, ओ. शब्दात ते कुठेही आले, तरी त्यांचा आवाज बदलत नाही.

इंग्रजी वाचणाऱ्याला नेमके हेच अवघड जाते. त्याच्या भाषेत एकाच अक्षराचे अनेक आवाज असतात. शब्दाच्या शेवटी 'ए'चा आवाज येईल, असे त्याला सहसा वाटत नाही. जपानचे माजी पंतप्रधान शिन्झो आबे यांचेच आडनाव घ्या. त्याचे इंग्रजी स्पेलिंग पाहून अमेरिकन माणूस 'एब' असे वाचू शकतो. कारण अब्राहम लिंकन यांना लोक ज्या छोट्या नावाने ओळखत, त्याचे स्पेलिंगही हेच आहे. जपानमध्ये कोबे नावाचे मोठे बंदर आहे. तेच नाव अमेरिकेतील एका बास्केटबॉलपटूला दिले गेले. तो कोबी ब्रायंट म्हणून जगप्रसिद्ध झाला. हसलात ना? आपला कोबी भाजीवाल्याच्या टोपलीत असतो! 'कराते' या खेळाचेही इंग्रजीत 'कराटी' झाले आहे.

दुसरी अडचण आघाताची. इंग्रजीत प्रत्येक शब्दात एका अक्षरावर जोर पडतो आणि बाकीची अक्षरे दबून जातात. जपानीत आवाजाचा सूर चढतो-उतरतो, पण कोणतेही अक्षर असे दाबले जात नाही. सगळी अक्षरे सारख्या अंतराने चालतात. इंग्रजी बोलणारे कधी 'हिरोशीऽमा' म्हणतात, तर कधी 'हिरॉशिमा'. हिरोशिमावर ६ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबाँब पडला, तेव्हा सादाको सासाकी ही मुलगी दोन वर्षांची होती. पुढे तिला रक्ताचा कर्करोग झाला आणि १९५५ साली, बाराव्या वर्षी, ती वारली. आजारपणात ती कागदाचे करकोचे करत असे. तिच्या स्मरणाने उभे राहिलेले मुलांचे शांतिस्मारक १९५८ सालापासून हिरोशिमात आहे. तिची गोष्ट जगभरच्या शाळांत सांगितली जाते, पण इंग्रजीत तिचे नाव बहुधा 'सडाऽको' असे घेतले जाते. पहिले अक्षर दबते, मधले लांबते. सा-दा-को. तीन अक्षरे, तिन्ही सारखी. ज्या मुलीची गोष्ट ऐकून आपले डोळे भरून येतात, तिचे नाव तरी तिचे राहू द्यावे, असे मला वाटते.

तिसरी अडचण सर्वांत मोठी. ती आहे ऱ्हस्व-दीर्घाची. जपानीत स्वर लांबला, की अर्थच बदलतो. 'ओबासान' म्हणजे आत्या, मावशी किंवा काकू. 'ओबाऽसान' म्हणजे आजी. एखाद्या मावशीला आजी म्हटले, तर तिला काय वाटेल, ते तुम्हीच ठरवा! आडनावांचेही तसेच. 'ओनो' हे एक आडनाव आहे. त्याचा अर्थ लहान माळ. 'ओऽनो' हे दुसरे आडनाव. त्याचा अर्थ मोठा माळ. आपल्या लिपीत 'ओ'चे ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन प्रकार नाहीत, म्हणून मी लांबवण्यासाठी ही अवग्रहाची खूण केली आहे. गायिका आणि चित्रकार योको ओनो लहान माळाच्या. टोयोटा कंपनीची उत्पादनपद्धती घडवणारे ताइइची ओऽनो मोठ्या माळाचे. रोमन लिपीत स्वर लांबवायचा असेल, तर अक्षरावर आडवी रेघ देतात. पण छापताना ती रेघ अनेकदा गळून पडते आणि दोन्ही आडनावे सारखीच दिसू लागतात.

आता त्या कारखान्यात काय घडले, ते ऐका. जपानमध्ये १ सप्टेंबर हा आपत्ती-प्रतिबंध दिन असतो. १९२३ साली याच तारखेला तोक्योच्या परिसरात भयंकर भूकंप झाला आणि एक लाखाहून अधिक माणसे मरण पावली. म्हणून या दिवशी देशभर भूकंपाचा सराव करतात. भोंगा वाजला, की सर्वांनी बाहेरच्या मैदानात जमायचे, प्रत्येक तुकडीच्या प्रमुखाने हजेरी घ्यायची आणि 'सर्व सुरक्षित' असे कळवायचे. त्या वर्षी भावाच्या तुकडीची हजेरी त्या अमेरिकन अभियंत्यांकडे होती. यादी रोमन अक्षरांत होती. वरच्या रेघा तीत नव्हत्या.

त्यांनी वाचले, "ओनो." ओनो यांनी उत्तर दिले, "हाइ." चार नावांनंतर त्यांनी पुन्हा वाचले, "ओनो." ओनो यांना वाटले, साहेबांना पहिले उत्तर ऐकू आले नसावे. ते पुन्हा म्हणाले, "हाइ." यादीत दोन खुणा झाल्या. हजेरी पूर्ण भरली. 'सर्व सुरक्षित' असा निरोप गेला. आणि ओऽनो मागच्या गोदामात खोकी मोजत होते! यंत्राच्या आवाजात त्यांना भोंगा ऐकू आला नव्हता. दहा मिनिटांनी ते सावकाश बाहेर आले, तेव्हा लोक हसले. पण ते अमेरिकन गृहस्थ हसले नाहीत. भाऊ सांगत होता, "आपा, त्यांचा चेहरा उतरला होता. ते एवढेच म्हणाले, की आज खरा भूकंप असता, तर कागदावर हा माणूस जिवंत होता."

मित्रांनो, उच्चार ही केवळ शोभेची गोष्ट नाही, हे मला त्या रविवारी पटले.

दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ ओऽनो यांच्याकडे गेले आणि म्हणाले, "तुमचे नाव मला शिकवा." ओऽनो यांनी दोन्ही हात पसरले आणि सावकाश म्हटले, "ओऽनो." मग तळवे जवळ आणून म्हटले, "ओनो." जपानी लिपीत 'मोठा' या अर्थाचे जे अक्षर आहे, ते हात पसरून उभ्या राहिलेल्या माणसाच्या आकृतीवरूनच झाले आहे. एवढ्या एका खुणेने काम झाले.

त्यानंतर त्या गृहस्थांनी एक वही केली. भेटणाऱ्या प्रत्येकाचे नाव ते त्याच्याच तोंडून ऐकत आणि आपल्या खुणांनी लिहून घेत. बोलताना मेजावर बोटाने ठेका धरत. एक अक्षर, एक ठेका. तोक्यो हे नाव इंग्रजीत 'टो-कि-यो' असे तीन तुकड्यांत म्हणतात. जपानी माणूस चार ठेके देतो: तो-ओ-क्यो-ओ. ओसाका शहरालाही चार ठेके: ओ-ओ-सा-का. सप्पोरो या शहराच्या नावात तर गंमतच आहे: सा-प्-पो-रो. दुसऱ्या ठेक्याला आवाजच नाही. ओठ नुसते मिटलेले असतात. इंग्रजी बोलणारे तो मुका ठेका गाळून 'सपोरो' म्हणतात.

उलट काही ठिकाणी जपानी माणूस लिहिलेला स्वर गिळून टाकतो. 'यामाशिता' हे आडनाव बोलताना जवळजवळ 'यामाश्ता' असे ऐकू येते. इंग्रजी बोलणारा मात्र 'यामाशीऽटा' म्हणून नेमका त्याच स्वरावर जोर देतो! ते गृहस्थ असे बारकावे एकेक करून टिपत गेले. पुढच्या वर्षी १ सप्टेंबरला त्यांनीच हजेरी मागून घेतली. "ओनो," "हाइ." "ओऽनो," "हाइ!" दुसरे उत्तर जरा जास्तच मोठ्याने आले, असे भाऊ सांगत होता.

आता आपल्याकडे वळू या. तुम्ही घरी उर्दू बोलता आणि शाळेत मराठी शिकता. या दोन भाषांनी तुम्हांला केवढे धन दिले आहे, पाहा. सप्पोरोचा तो मुका ठेका तुम्हांला नवा नाही. तो म्हणजे आपला तश्दीद. 'अब्बास', 'जन्नत' म्हणताना तुम्ही तो रोज देता. मराठीत 'पक्का', 'कच्चा' लिहिताना तोच जोडाक्षरात येतो. तोमोए नावाच्या शाळेची गोष्ट सांगणारे 'तोत्तोचान' हे पुस्तक तुमच्यापैकी काहींनी वाचले असेल. तेत्सुको कुरोयानागी यांनी त्यात आपल्या बालपणाच्या आठवणी सांगितल्या आहेत. त्या पुस्तकाच्या नावातील 'त्तो' तुम्हांला सहज म्हणता येतो. सुझुकी या नावातील 'झ' तुमच्या 'झे'चाच भाऊ आहे.

आणि 'त्सुनामी'? इंग्रजीत पुष्कळ लोक त्यातील 'त' सोडून नुसते 'सुनामी' म्हणतात. कारण त्यांच्या भाषेत शब्दाच्या आरंभी हा जोडध्वनी येत नाही. पण मराठीचा तास आठवा. मराठीत 'च'चे दोन उच्चार आहेत. 'चिमणी'मधला वेगळा आणि 'चुना'मधला वेगळा. 'चुना' म्हणताना जीभ दातांमागे टेकते. तुमच्यापैकी अनेकांना हा दुसरा 'च' सुरुवातीला अवघड वाटतो, हे मला माहीत आहे. तोच 'च' घेऊन 'त्सुनामी' म्हणा. पाहा, जमले!

जपानी 'र'ही इंग्रजीसारखा जीभ वळवून म्हणत नाहीत. तो आपल्या 'र'च्या जवळचा आहे. इतकेच नव्हे, तर जपानी वर्णांचा क्रमही ओळखीचा वाटतो: आ, इ, उ, ए, ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. बौद्ध भिक्षूंनी संस्कृत वर्णांचा जो अभ्यास केला, त्याच्या प्रभावाने तिकडे ही मांडणी रुजली. म्हणजे मराठीच्या पहिल्या पुस्तकात तुम्ही जो क्रम पाठ केला, त्याचाच एक नातलग जपानच्या शाळांत पाठ होतो.

मग आपण जपानी नावे बरोबर घेतो का? नेहमी नाही. ही नावे आपल्याकडे इंग्रजीच्या वाटेने आली आणि येताना इंग्रजी पेहराव घालून आली. जपानी 'त' आणि 'द' म्हणताना जीभ दातांकडे जाते. तरी आपण 'टोकियो', 'क्योटो', 'होंडा' असे लिहितो. टोयोटा हे नावही तसेच. आपल्या भिवंडीच्या मुलांना हे ऐकून आश्चर्य वाटेल, की या मोटारींची मुळे मागात आहेत. साकिची तोयोदा यांनी १९२४ साली स्वयंचलित माग पूर्ण केला. त्यांचे पुत्र किइचिरो यांनी मोटारींचे काम सुरू केले आणि १९३७ साली मोटार कंपनी स्थापन झाली. घराण्याचे आडनाव तोयोदा. कंपनीचे नाव तोयोता. जपानी लिपीत 'तोयोता' हे आठ रेघांत लिहून होते आणि आठ हा आकडा तिकडे शुभ मानतात. 'द'चा 'त' त्यांनी स्वतः विचार करून केला. 'त'चा 'ट' मात्र बाहेरच्यांनी केला.

तुम्ही विचाराल, "मग आम्ही 'टोकियो' म्हणणे सोडायचे का?" तसे नाही. गावांची नावे प्रत्येक भाषेत थोडी बदलतात. ज्या देशाला आपण उर्दूत मिस्र म्हणतो, त्याला मराठीत इजिप्त म्हणतो. त्याने कोणाचे बिघडत नाही. शहर हाकेला 'ओ' देत नाही. माणूस देतो. म्हणून गावाच्या नावाला जी सवलत आहे, ती माणसाच्या नावाला नाही. समोर माणूस उभा असेल, तर त्याचे नाव तो घेतो तसेच घेण्याचा प्रयत्न करावा.

नावाबरोबर रीतही शिकावी लागते. जपानमध्ये आडनाव आधी आणि नाव नंतर असते. इंग्रजी लोकांच्या सोयीसाठी जपानी माणसे बरीच वर्षे आपली नावे उलटी सांगत आली. २०२० सालापासून मात्र जपान सरकारने आपल्या इंग्रजी कागदपत्रांतही आडनाव आधी लिहिण्यास सुरुवात केली. दुसऱ्याच्या नावापुढे आदराने 'सान' लावतात, जसे आपण 'साहेब', 'राव' किंवा 'ताई' म्हणतो. पण स्वतःच्या नावापुढे 'सान' कधीच लावत नाहीत. आपणही "मी शेखसाहेब" अशी स्वतःची ओळख करून देत नाही ना!

एवढे सांगूनही एक गोष्ट उरते. प्रत्येक जिभेला प्रत्येक आवाज जमेलच असे नाही. ज्या हेपबर्न यांची पद्धत जपानी नावांसाठी जगभर वापरतात, त्यांचे स्वतःचे नाव जपानी लोकांना म्हणता आले नाही. ते त्यांना 'हेबोन' म्हणू लागले. जपानमध्ये ती पद्धत आजही 'हेबोन पद्धत' या नावानेच ओळखली जाते. तेव्हा चूक होणे हा गुन्हा नाही. न विचारता, न ऐकता वर्षानुवर्षे तीच चूक करत राहणे, हा मात्र दुसऱ्याचा अनादर आहे. त्या अमेरिकन गृहस्थांना 'यामाशिता' शेवटपर्यंत पूर्ण जमले नाही, असे भाऊ सांगतो. तरी त्या नावाचे गृहस्थ त्यांच्यावर खूश होते. कारण त्यांचा प्रयत्न रोज कानांवर येत होता.

तुमच्यापैकी कोणी उद्या जपानला जाईल, कोणी जाणार नाही. पण तुमच्या शाळेत, तुमच्या मोहल्ल्यात, पुढे नोकरीच्या ठिकाणी नव्या नावांची माणसे येतच राहतील. कुणाच्या नावात 'ळ' असेल, कुणाच्या नावात 'काफ' किंवा 'खे' असेल, तर कुणाचे नाव तुम्ही कधी ऐकलेलेही नसेल. अशा वेळी लाजू नका. जवळ जा आणि विचारा, "आपले नाव आपण कसे घेता?" मग गप्प राहून नीट ऐका, आणि ते एकदा त्यांच्यासमोर म्हणून दाखवा.